अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही? आधी स्क्रीन वाचा, मग दुरुस्ती करा

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं, आणि लॉगिनच्या जागी काळ्या स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी बऱ्याच जणांच्या मनात पहिला विचार येतो तो सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकण्याचा. तो तूर्त बाजूला ठेवा. बूटलोडर बिघडला म्हणजे डिस्कवरचा डेटा गेला असं नव्हे. फाइल्स, प्रोग्रॅम, सेटिंग्ज जिथल्या तिथे असतात. तिथवर पोचायची वाट तेवढी तुटलेली असते. ती कुठे तुटली हे न बघताच इंटरनेटवर सापडतील त्या आज्ञा एकामागून एक चिकटवत सुटलं, की रोग एक आणि औषध भलतंच अशी गत होते. कधीकधी तर धड असलेला भागही त्यात बिघडतो.

खालच्या आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी नागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्यायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. जुन्या मशीनवर ते बायोस असतं, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक मशीनवर यूईएफआय. फर्मवेअर बूटलोडरला शोधतं, बूटलोडर लिनक्सचा कर्नल (म्हणजे सिस्टीमचा गाभा) आणि त्याच्या जोडीची इनिटरॅमएफएस नावाची फाइल मेमरीत चढवतो, कर्नल त्या फाइलीतल्या ड्रायव्हरांच्या मदतीने मुख्य पार्टिशन उघडतो, आणि मग बाकीची सिस्टीम सुरू होते. बहुतेक वितरणांवर (डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च अशा लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांवर) हा बूटलोडर म्हणजे ग्रब.

आता ग्रब राहतो कुठे, ते नीट बघायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. बायोसच्या मशीनवर डिस्कचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले फक्त ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी मिळतात. उरलेल्यात पार्टिशनचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटची खूण. एवढ्याशा जागेत ग्रब मावणं शक्यच नाही. म्हणून तिथे त्याचा चिमुकला पहिला तुकडा बसतो. ‘कोअर’ नावाचा दुसरा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो, आणि बाकीची मॉड्यूल्स (गरजेनुसार चढवायचे जोडभाग) व मेन्यूची फाइल /बूट/ग्रब या फोल्डरमध्ये असतात. यूईएफआयच्या मशीनवर सेक्टरची ही कसरत नाही. तिथे ईएफआय नावाचं छोटं फॅट पार्टिशन असतं आणि त्यात ग्रब साध्या फाइलीच्या रूपात असतो. मात्र ‘ही फाइल चालव’ अशी नोंद मदरबोर्डच्या मेमरीत, म्हणजे डिस्कच्या बाहेर असते.

म्हणजे दोन्ही प्रकारांत ग्रब एकसंध नाही. तो दोन-तीन ठिकाणी विखुरलेला आहे, आणि त्यातल्या काही जागा पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे प्रोग्रॅम बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या साधनाच्या, नेहमीच्या आवाक्यात नाहीत.

अपडेटनेच का बिघडतं?

अपडेट करताना एपीटी, डीएनएफ किंवा पॅकमन हे पॅकेज मॅनेजर फाइल्सच्या नव्या आवृत्त्या डिस्कवर उतरवतात. पण पहिल्या सेक्टरमधला तुकडा, त्यामागचा कोअर, ईएफआय पार्टिशनमधली प्रत, मदरबोर्डमधली नोंद हे सगळं नुसत्या फाइल्स उतरवून बदलत नाही. त्यासाठी पॅकेजसोबतची एखादी स्क्रिप्ट चालावी लागते, किंवा माणसाने ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा द्यावी लागते. ती चाललीच नाही, किंवा चालली पण चुकीच्या डिस्कवर, की एक तुकडा नवा आणि दुसरा जुना. अपडेटनंतरच्या बहुतेक तक्रारी इथून निघतात: तुकडे आपापल्या जागी ठणठणीत असतात, त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची मोठी त्रुटी जाहीर झाली आणि घाईने अपडेट्स आली. त्यानंतर डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच मशीनवर ‘सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड’ असा संदेश येऊन सगळं थांबलं. /बूट/ग्रबमधली मॉड्यूल्स नवी झाली होती आणि त्यांना कोअरमध्ये ग्रब_कॅलॉक नावाचं फंक्शन हवं होतं. डिस्कच्या सुरुवातीचा कोअर मात्र जुना, त्याला ते ठाऊकच नाही. तो जुना का राहिला? कारण ग्रब कुठल्या डिस्कवर बसवायचा याची नोंद डेबियनचं पॅकेज स्वतःपाशी ठेवतं. मध्यंतरी डिस्क बदललेली किंवा क्लोन केलेली असली, तर ती नोंद भलत्याच डिस्ककडे बोट दाखवते. ही चूक वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. ग्रबचं मोठं अपडेट आलं की उठते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पाळी आर्च आणि त्यावर बेतलेल्या एंडेव्हरओएसची होती. तिथे मशीन चालू केलं की थेट फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जायचं, कितीही वेळा केलं तरी. यावेळी मेन्यूची फाइल नवी आणि ग्रब जुना असा उलटा प्रकार. नव्या मेन्यू फाइलीत ‘फर्मवेअर सेटअपची सोय आहे का?’ एवढंच विचारणारी एक ओळ होती. जुन्या ग्रबला त्या आज्ञेपुढचा नवा पर्याय कळेना. त्याने प्रश्नाचा हुकूम केला आणि सरळ सेटअप उघडून दिला.

हा आजार ग्रबपेक्षाही जुना आहे. ग्रबच्या आधी लिलो नावाचा बूटलोडर चालायचा. त्याला फाइलसिस्टीम वाचताच येत नसे. कर्नल डिस्कच्या कुठल्या ब्लॉकवर आहे ते आकडे तो लिहून ठेवायचा. कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवावाच लागे. विसरलं की पुढच्या वेळी मशीन अडलंच म्हणून समजा.

मशीन नेमकं कुठे अडलंय?

आता दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याला एकही आज्ञा लागत नाही. स्क्रीनवर काय आलंय ते शब्दन्‌शब्द वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शेवटचा संदेश कोणाचा आहे यावरून वाट कुठे तुटली ते कळतं.

ग्रबचं नावच दिसत नाही, ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं येतं किंवा गुपचूप विंडोज सुरू होतं: इथे फर्मवेअरलाच ग्रब सापडलेला नाही. यूईएफआयच्या मशीनवर मदरबोर्डमधली नोंद पुसली गेलेली असते किंवा क्रमात खाली ढकललेली असते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर, तसंच फर्मवेअरचं अपडेट केल्यावर हे घडतं. फर्मवेअरच्या बूट मेन्यूत आपल्या वितरणाचं नाव दिसत असेल, तर ते निवडून आत जायचं आणि तिथून ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने क्रम बदलायचा. एवढ्यावर काम भागतं.

‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला तर कोअर चाललाय, पण त्याला स्वतःची मॉड्यूल्स सापडली नाहीत, किंवा सापडली ती जुळली नाहीत. इथे ग्रबला चारच आज्ञा येतात: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. टॅब दाबून नाव पुरं करण्याची सोयही नसते. नुसतं एलएस दिलं की पार्टिशनची यादी मिळते, (एचडी०,जीपीटी२) अशा धर्तीवर. डिस्क शून्यापासून मोजायच्या आणि पार्टिशन एकपासून, हे विसरायचं नाही. मग एकेकाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन एलएस करत जायचं. ज्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टीम’ न येता फोल्डरांची नावं येतील आणि त्यांत बूट दिसेल, ते आपलं. त्यानंतर तीन ओळी: सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब, मग इन्समॉड नॉर्मल, मग नुसतं नॉर्मल. नशीब चांगलं असेल तर ओळखीचा मेन्यू समोर येतो. मात्र कोअर आणि मॉड्यूल्स वेगळ्या आवृत्तीची असतील, तर इन्समॉडलाच पुन्हा ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ येईल. मग इथे वेळ घालवू नका, लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून लिनक्स थेट सुरू होतं असा पेनड्राइव्ह) काढा.

नुसता ‘ग्रब’ आणि पुढे बाणाचं चिन्ह असेल, रेस्क्यू हा शब्द नसेल, तर प्रकरण बरंच सौम्य आहे. ग्रब पूर्ण शुद्धीवर आहे, त्याला मेन्यूची फाइल तेवढी सापडलेली नाही. उबुंटूवर ईएफआय पार्टिशनमध्ये ग्रब.सीएफजी नावाची तीनच ओळींची फाइल असते: अमुक यूयूआयडीचं (म्हणजे ओळख क्रमांकाचं) पार्टिशन शोध, त्यातलं /बूट/ग्रब हे घर मान, तिथली खरी मेन्यू फाइल उघड. पार्टिशन नव्याने फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो, आणि पहिल्या ओळीलाच सगळं अडतं. अशा वेळी एलएसने पार्टिशन शोधून कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी एवढं दिलं तरी मेन्यू येतो. /बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर मार्गातला ‘/बूट’ गाळायचा. मेन्यूची फाइलच उडाली असेल तर लिनक्स, इनिटआरडी आणि बूट या तीन आज्ञांनी कर्नल हाताने चढवता येतो. लिनक्सच्या ओळीत कर्नलच्या फाइलीनंतर रूट=/डेव्ह/एसडीए२ असं मुख्य पार्टिशन सांगावं लागतं. फाइलींची लांबलचक नावं पाठ असण्याची गरज नाही. इथे टॅब चालतो.

मेन्यू व्यवस्थित आला, कर्नल निवडला आणि मग ‘कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं आलं, तर ग्रबला दोष देऊ नका. त्याने आपलं काम चोख केलंय. नव्या कर्नलच्या जोडीची इनिटरॅमएफएस तयार झालेली नाही किंवा अर्धवट झाली आहे. बहुतेकदा कारण अगदी साधं असतं: /बूट पार्टिशन भरलेलं. जुने कर्नल साठत जातात, नव्याला जागा उरत नाही आणि अपडेट मधेच धापकन थांबतं. मेन्यूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा, आत गेल्यावर डीएफ -एच /बूट देऊन जागा बघा, एपीटी ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ऑल चालवा. शेवटच्या आज्ञेच्या जागी फेडोरावर ड्रॅकट आणि आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ येतं. असल्या बिघाडावर ग्रब-इन्स्टॉल दहादा चालवलं तरी तसूभर फरक पडणार नाही.

आर्चवाल्यांच्या वाट्याला याची एक खोडकर बहीण येते. /बूट वेगळं पार्टिशन आहे, पण अपडेटच्या वेळी ते माउंटच, म्हणजे सिस्टीमला जोडलेलंच, नव्हतं. नवा कर्नल मग मुख्य पार्टिशनवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात जाऊन पडतो. बूटलोडर खऱ्या पार्टिशनवरचा जुनाच कर्नल उचलतो, पण त्याची मॉड्यूल्स अपडेटने काढून टाकलेली. मग संदेश येतो, ‘अननोन फाइलसिस्टीम टाइप व्हीफॅट’. /बूट माउंट करायला लागणारं व्हीफॅटचं मॉड्यूलच गेलेलं असतं.

लाइव्ह यूएसबीवरून दुरुस्ती

वरच्या कशानेच आत जाता आलं नाही, तर कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करायचं, डिस्कवरच्या सिस्टीममध्ये ‘शिरायचं’ आणि तिथून ग्रब पुन्हा बसवायचा. मात्र यूएसबी कुठल्या पद्धतीने सुरू झाली हे आधी तपासा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर बायोस. डिस्कवरची सिस्टीम यूईएफआयची आणि यूएसबी बायोस पद्धतीने सुरू झालेली असेल, तर पुढचं सगळं मुसळ केरात. बूट मेन्यूत एकच यूएसबी बऱ्याचदा दोनदा दिसते. त्यातली यूईएफआय लिहिलेली निवडा.

मग एलएसबीएलके आणि एलएसबीएलके -एफ देऊन पार्टिशन ओळखा. ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस फाइलसिस्टीम असलेलं मोठं पार्टिशन म्हणजे मुख्य, आणि काहीशे एमबीचं व्हीफॅट म्हणजे ईएफआय. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर क्रिप्टसेटअप ओपनने आधी उघडावी लागेल. त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) असेल तर व्हीजीचेंज -एवाय. बीटीआरएफएसवर उबुंटू आणि मिंटची मुख्य सिस्टीम बऱ्याचदा ‘@’ नावाच्या सबव्हॉल्यूममध्ये, म्हणजे पार्टिशनच्या आतल्या कप्प्यात असते, तेव्हा माउंट करताना -ओ सबव्हॉल=@ सांगायला हवं. नाहीतर नुसती दोन-तीन फोल्डर दिसतात आणि सगळं गेलं की काय असं वाटून पोटात गोळा येतो.

मुख्य पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, वेगळं /बूट असेल तर ते /एमएनटी/बूटवर, आणि ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआयवर. क्रम हाच. त्यानंतर लाइव्ह सिस्टीमची डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चार फोल्डर आत जोडायची: माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह, आणि उरलेल्या तिघांसाठी असंच. साध्या बाइंडऐवजी आरबाइंड अशासाठी, की मदरबोर्डमधल्या नोंदी वाचायची जागा /सिसच्या पोटात आणखी एका माउंटवर असते, आणि नुसत्या बाइंडने ती सोबत येत नाही. ती राहिली की ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ अशी तक्रार ठरलेली. शेवटी सीएचरूट /एमएनटी. आता टर्मिनलमधली प्रत्येक आज्ञा डिस्कवरच्या सिस्टीमवर चालेल. आर्चच्या यूएसबीवर हा जोडाजोडीचा खटाटोप आर्च-सीएचरूट एकट्याने करतं.

डेबियन, उबुंटू, मिंट यांवर यूईएफआय असेल तर नुसतं ग्रब-इन्स्टॉल पुरतं. बायोस असेल तर डिस्कचं नाव द्यायचं, आणि इथे फार जण घसरतात: /डेव्ह/एसडीए द्यायचं, /डेव्ह/एसडीए१ नाही. ग्रब पूर्ण डिस्कच्या सुरुवातीला बसतो, पार्टिशनमध्ये नाही. त्यानंतर अपडेट-ग्रब. ग्रब-इन्स्टॉलने छापलेली पहिली ओळ जरूर वाचा. यूईएफआयच्या मशीनवर तिथे ‘एक्स८६_६४-ईएफआय’ असायला हवं. ‘आय३८६-पीसी’ दिसलं तर यूएसबी चुकीच्या पद्धतीने सुरू झाली आहे, वरून पुन्हा सुरुवात करा. शेवटी ‘नो एरर रिपोर्टेड’ आलं की काम झालं. बायोसवाल्या डेबियन कुळात एक काम उरतं: डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून योग्य डिस्कवर खूण करा. नाहीतर पुढच्या ग्रब अपडेटला हेच रामायण पुन्हा.

फेडोरावर मात्र ही कृती जशीच्या तशी उचलू नका. तिथे यूईएफआयसाठी ग्रब२-इन्स्टॉल वापरायचंच नसतं, कारण त्याने तयार झालेली फाइल सिक्युअर बूटसाठी (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) सही केलेली नसते. डीएनएफ रीइन्स्टॉलने शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजेस पुन्हा बसवायची, की सही असलेल्या फाइल्स आपोआप जागेवर येतात. मेन्यूची फाइल बनवायची ती /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी इथे. जुने लेख ती ईएफआय पार्टिशनमध्ये बनवायला सांगतात. फेडोरा ३४ पासून तिथली छोटी फाइल फक्त रस्ता दाखवण्यापुरती आहे आणि तिच्यावर लिहायचं नाही.

काही मदरबोर्ड इतके विसरभोळे असतात, की ग्रबची नोंद कितीदा केली तरी रीस्टार्टनंतर गायब. त्यांच्यासाठी ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल. याने ग्रब ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या जागी बसतो, जिथे फर्मवेअर नोंदीशिवायही डोकावतं.

सिक्युअर बूटची भानगड

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ आणि पाठोपाठ मशीन बंद, असं झालं तर वरचं काही करू नका. ग्रब आणि त्याच्या आधी चालणारा शिम नावाचा छोटा प्रोग्रॅम यांच्यावर एसबॅट नावाचा पिढीचा क्रमांक असतो. ठरावीक पिढीच्या आधीचे प्रोग्रॅम असुरक्षित म्हणून नाकारायचे, अशी नोंद फर्मवेअरमध्ये ठेवता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अपडेटने ही नोंद पुढे सरकवली. दोन सिस्टीम असलेल्या मशीनवर ती जायची नव्हती, पण बऱ्याच ठिकाणी गेली आणि शेजारचं लिनक्स उंबऱ्यावरच अडलं.

उपाय असा: फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, कारण सिक्युअर बूटला हात लावला की बिटलॉकर ती मागू शकतं. लिनक्समध्ये जाऊन शिम आणि ग्रबची ताजी अपडेट्स घ्या, एमओकेयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट ही आज्ञा सूडोने (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) द्या, लिनक्समध्येच एकदा रीस्टार्ट करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा. ते कायमचं बंद ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो आळशी वाटतो. ही चार कामं काही फार नाहीत.

विंडोज कुठे गेलं?

लिनक्स तर परत आलं, पण मेन्यूतून विंडोजच नाहीसं झालं, अशीही तक्रार हमखास येते. हा बिघाड नाही. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेला असतो. अपडेट-ग्रब चालवताना तशी सूचना छापलीही जाते, पण ती वाचतो कोण! /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला. बरोबरच्या चिन्हाआधीचा भाग मोठ्या अक्षरांत, नंतरचा छोट्या. ओएस-प्रोबरचं पॅकेज नसेल तर ते बसवा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा. हे सीएचरूटमधून जमलं नाही तर डोकं लढवत बसू नका. मशीन नेहमीसारखं सुरू झाल्यावर करा, तेव्हा ते सरळ होतं.